जळण्याआधीचा पांढरा

ग़ौती : ...थांब, फ़तही. तुझं म्हणणं आधी मी क्रमानं मांडतो. चुकलं तर सांग. आज मंगळवार, चौदा जानेवारी दोन हजार पंचवीस. आत्ता सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. ओरानच्या बंदरावरून काल संध्याकाळी तलमसानच्या शोरूममध्ये नऊ मोटारी उतरल्या, आणि त्यांपैकी एक तुझ्या बाबांच्या, सी मनूरच्या नावावर आहे. इथपर्यंत बरोबर?

फ़तही : बरोबर. फक्त सी मनूर आता नाहीत, आणि त्यांची गाडी पांढरी आहे. हे दोन मुद्दे राहिले, मामा.

ख़ैरा : याच्या जिभेला हाड नाही. बापाला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत अजून. दादा, चहा घे. अक्रोड घे. नायरचे, नव्या वर्षाच्या सणाचे आहेत, शेजारणींनी आणून दिलेत. आपल्या घरात यंदा सण नाही.

ग़ौती : घेतो. आता मला सांग, पांढरी म्हणजे कोणती पांढरी? या घरात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

फ़तही : दुधासारखी पांढरी. अर्ध्या गावाकडे असते तशी.

ख़ैरा : आणि तुझ्या बाबांनी सांगितली होती ती आपली पांढरी.

ग़ौती : म्हणजे कोळशाच्या रंगाची.

ख़ैरा : दादा, दुपारची बांग व्हायची आहे अजून.

ग़ौती : क्षमा कर. पण वखार विकली गेली, ख़ैरा. आता सकाळच्या वेळी तो शब्द तोंडातून गेला, तर धंदा कुणाचा बसणार आहे?

ख़ैरा : वखार विकली. घर नाही विकलं.

फ़तही : हेच, मामा, हेच मी त्या शोरूममधल्या शुक्रीला समजावत होतो. म्हटलं, आमच्याकडे वखारीतल्या मालाचं नाव दुपारच्या बांगेपर्यंत घेत नाहीत. त्या मालाला पांढरं म्हणतात. विस्तवाला सुख म्हणतात. आमची आई अजून म्हणते, सुख जरा मोठं कर, चहा उकळत नाही. शुक्री सगळं ऐकून म्हणाला, माझी आजीही असंच बोलायची. पण आजीनं कधी माझ्याकडून गाडी घेतली नाही.

ग़ौती : त्याचं उत्तर तर्काला धरून आहे.

फ़तही : असणारच. पहिलीत मास्तरांनी विचारलं, वडील काय विकतात. मी म्हटलं, पांढरं. त्यांनी माझ्या नावापुढं लिहिलं, चुनेवाला. माझे हात बघूनसुद्धा.

ख़ैरा : तेव्हा घरी येऊन रडला होतास. आणि हे मात्र हसले होते.

ग़ौती : विषय सोडू नका. बांगेला वेळ थोडा आहे म्हणून मला बोलावलंत. नेमका निर्णय कोणता करायचा आहे?

फ़तही : सांगतो. त्याच नऊ गाड्यांत एक काळी आहे. काळी म्हणजे अगदी शाईसारखी नाही. आपल्या मालाची असते तशी, उन्हात धरली की आतून जरा चकाकणारी. ती मग़निया गावच्या एका औषधवाल्याच्या नावावर आलीय. त्याला हवी होती पांढरी. काळी बघून तो बिचारा तिथंच खुर्चीवर बसून राहिलाय. म्हणतो, एवढी वर्षं थांबलो ते काय मढ्याची गाडी चालवायला? शुक्री म्हणाला, तुम्ही हो म्हणा, मी अदलाबदल करून देतो. पण दुपारच्या बांगेपर्यंत. त्यानंतर ज्याच्या नावावर जी आहे ती त्याची.

ग़ौती : मग हो म्हणून मोकळं व्हायचं. माझं काम काय?

फ़तही : वारस दोन आहेत. दोघांचं म्हणणं एक हवं, असं तो म्हणतो. आईचे इद्दतचे दिवस चालू आहेत. चार महिने दहा दिवस ती उंबरा ओलांडणार नाही, परक्या माणसाशी फोनवर बोलणार नाही. तिच्या वतीनं थोरला भाऊ बोलला तर चालेल म्हणाला.

ग़ौती : तुम्हा दोघांचं म्हणणं एक नाही का?

ख़ैरा : मी म्हणते, त्यांनी आपली पांढरी सांगितली. हा म्हणतो, कशावरून.

फ़तही : मी विचारतोय फक्त. बाबा चारचौघांत कसे बोलायचे आम्हाला काय माहीत? कचेरीत, दवाखान्यात ते घरचेच शब्द वापरायचे का? शुक्री शपथेवर सांगतो, मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते पांढरीच म्हणाले. समजा त्यांना खरोखर दुधाची पांढरी हवी असेल, आणि आम्ही आपल्या शहाणपणानं तिच्या जागी काळी घेऊन आलो, तर? मला यात चुकायचं नाही, मामा.

ग़ौती : रंगासाठी एवढा जीव टांगणीला लावून घेताना तुला मी कधी पाहिलं नाही. लग्नात तुझा कोट कोणत्या रंगाचा हेसुद्धा नूरियानं ठरवलं होतं.

फ़तही : रंगासाठी नाही. आई, तू सांगतेस का मी सांगू?

ख़ैरा : तूच सांग. दादा हसेल.

फ़तही : अंगणात आवाज येतो. पहाटे, उजाडायच्या आधी. कुणीतरी माल निवडत बसल्यासारखा. मोठा तुकडा एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. मोठ्याचा आवाज भांड्यासारखा खणखणीत येतो, बारकाचा नुसता खसखसतो. बाबा निवडायचे तेव्हा यायचा तसाच.

ग़ौती : यात हसण्यासारखं काही नाही, पण घाबरण्यासारखंही नाही. जानेवारीत हवेत दमटपणा असतो. मालाचा ढीग रात्री ओल धरतो आणि पहाटे खचतो. वरचे तुकडे घरंगळतात. साधं पदार्थविज्ञान आहे.

फ़तही : मामा, तुम्ही आत्ता अंगणातूनच आलात. काय दिसलं?

ग़ौती : फरशी. लिंबाचं झाड.

फ़तही : ढीग?

ग़ौती : ...नाही.

फ़तही : वखारीबरोबर अंगणातला मालही गेला. मी स्वतः फरशी धुतली. साबण लावून.

ग़ौती : मांजर असेल.

फ़तही : मांजर मोठे आणि बारीक वेगळे करत नाही. नूरियानं काही दिवस ऐकलं आणि माहेरी निघून गेली. सहावा महिना आहे तिचा. तिनं निरोप पाठवलाय की आवाज थांबल्याशिवाय मी पोटातलं मूल घेऊन त्या घरात पाऊल टाकणार नाही. मग मी सी तय्यबांकडे गेलो. बाबांना शेवटचं न्हाऊ त्यांनीच घातलं होतं. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझा बाप काहीतरी मागून गेलाय आणि ते त्याला मिळालेलं नाही. ते त्याला नीट मिळू द्या, म्हणजे तो निवांत होईल. आता तुम्हीच सांगा, माझ्या बापानं अख्ख्या आयुष्यात स्वतःसाठी काय मागितलं? ही एक गाडी. म्हणून म्हणतो, रंग बरोबर आला पाहिजे. आजच.

ग़ौती : ख़ैरा, तुलाही ऐकू येतं?

ख़ैरा : मी त्यानंच उठते, दादा.

ग़ौती : ठीक आहे. आवाजाविषयी मी माझं मत राखून ठेवतो. मात्र मनूरनं कोणता रंग मागितला, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सोडवता येईल. पहिली बाब वेळेची. गाडी नोंदवायची होती त्या दिवशी मीच त्याला माझ्या मोटारीतून शोरूमला नेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दारावरची जाळी अर्धीच वर गेली होती आणि आत एक बाई फरशी पुसत होती. मनूर ओल्या फरशीवर पाय टाकायला तयार नव्हता. म्हणाला, वाळू दे, माझे ठसे उमटतील. म्हणजे वेळ सकाळची होती.

फ़तही : शुक्री म्हणतो, दुपारनंतर आले होते.

ग़ौती : सही दुपारनंतर झाली; मधल्या वेळेत बँक बंद होती. रंगांच्या पट्ट्या त्यानं सकाळीच दाखवल्या. सकाळी मनूरच्या तोंडून तो शब्द निघणं शक्य नव्हतं. दुपारनंतर असता तर तो सरळ नाव घेऊन बोलला असता. बांगेनंतर तो बोलायचा, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

ख़ैरा : तू सोबत होतास तर रंगाचं बोलणं कानावर कसं पडलं नाही?

ग़ौती : मी त्या वेळी पलीकडच्या मोटारीचं यंत्र पाहत होतो. त्यांनी पुढचं झाकण उघडून ठेवलं होतं.

ख़ैरा : तू यंत्र बघायला गेलास आणि माणूस सोडलास. आयुष्यभर तेच केलंस, दादा.

ग़ौती : असेल. पण वेळेवरून निम्मं सिद्ध झालं.

फ़तही : निम्म्यानं माझं भागत नाही.

ग़ौती : मग दुसरं निम्मं शुक्रीकडून काढू. त्यानं दोनदा विचारलं म्हणालास. दुसऱ्यांदा काय विचारलं? त्याचे शब्द आठव. तुझे नकोत.

फ़तही : काही विशेष नाही. बाबा पांढरी म्हणाल्यावर शुक्री म्हणाला, आमच्याकडे दोन प्रकारची येते, एक साधी आणि एक मोत्याच्या झाकेची, कोणती लिहू? त्यावर बाबांनी काहीतरी गमतीचं उत्तर दिलं. शुक्री मला हसत हसत सांगत होता, तुमचे वडील मोठे मजेशीर गृहस्थ.

ग़ौती : काय उत्तर दिलं?

फ़तही : म्हणे, जळण्याआधी असतो तो द्या. जळल्यावरचा नको.

ग़ौती : पुन्हा सांग.

फ़तही : जळण्याआधी असतो तो. जळल्यावरचा नको. शुक्रीला वाटलं, उन्हानं रंग जळतो, पिवळट पडतो, म्हणून म्हातारबुवा ताजा रंग मागतायत. तो म्हणाला, हाजी, आमचा रंग उन्हानं जळत नाही. बाबाही हसले. मग त्यानं साधी पांढरी लिहून टाकली... मामा, असं काय बघताय?

ख़ैरा : जळल्यावरची राख असते रे.

ग़ौती : हो. त्या पट्ट्यांमध्ये एक राखाडी असणार, नक्की असणार. आणि शुक्रीनं दोन प्रकार म्हटल्यावर मनूरला वाटलं, हा एक आपल्या मालाचा सांगतोय आणि दुसरा राखेचा. म्हणून त्यानं खुलासा केला. जळण्याआधीचा. याहून स्पष्ट शब्दांत कुणी रंग सांगू शकणार नाही. शुक्री बोलला त्याच्या भाषेत, मनूर बोलला घरच्या भाषेत, आणि दोघंही हसून उठले. फ़तही, तुझी आई बरोबर होती. त्यानं काळीच मागितली.

फ़तही : म्हणजे नक्की?

ग़ौती : यात मला शंकेला जागा दिसत नाही.

फ़तही : अल्लाची कृपा. आता औषधवाला उठून निघून गेला नसला म्हणजे झालं. फोन कुठाय माझा? मामा, मी लावून देतो, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की दोन्ही वारस—

ख़ैरा : थांब.

फ़तही : आई, बांगेला वेळ नाही.

ख़ैरा : आहे तेवढा पुरे. दादा, त्यांना काळीच का हवी होती, माहीत आहे?

ग़ौती : डाग दिसत नाहीत म्हणून असेल.

ख़ैरा : कागदासाठी. ते कुणाच्याही गाडीत बसायला गेले की आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं जायचं. हमामातून न्हाऊन निघालेले असोत, अंगात इस्त्रीचा सदरा असो, नाहीतर ईदचा नवा झुब्बा. याच्या वरातीत मुलीकडच्यांनी नवरदेवाच्या बापाखाली कागद घातला. तुझ्या गाडीतही असायचा, दादा.

ग़ौती : माझ्या सीटचं कापड फिकट होतं.

ख़ैरा : माहीत आहे. ते तुला कधी काही बोलले?

ग़ौती : नाही. कागद सरकला तर स्वतःच नीट करून बसायचा.

ख़ैरा : मला बोलले. रात्री नखं खरवडत बसले होते, तेव्हा म्हणाले, ख़ैरा, मी आपली पांढरी घेणार आहे. चालवेल फ़तही, मी बाजूला बसेन. तिच्यात मी बसलो तर गाडीलासुद्धा वाटेल, आपल्यातलाच आहे. एवढंच हवं होतं त्यांना. दुसरं काही नाही.

फ़तही : मग तेच तर देतोय आपण. लावतो फोन.

ख़ैरा : म्हणूनच नको.

फ़तही : काय नको?

ख़ैरा : कोळशाच्या रंगाची नको. दुधाची पांढरी आण.

फ़तही : आई, तू तो शब्द—

ख़ैरा : घेतला. मुद्दाम घेतला. आता पुन्हा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

ग़ौती : ख़ैरा, मला समजलं नाही. तू सकाळपासून हेच सिद्ध करायला सांगत होतीस.

ख़ैरा : नक्की कोणती, ते मला कळायला हवं होतं. चुकून जरी बरोबर आली असती तर? काय मागितलं ते नीट ठाऊक असेल, तरच ते टाळता येतं.

फ़तही : टाळायचं कशाला? सी तय्यब काय म्हणाले ते मी आत्ता सांगितलं ना? हवं ते मिळालं की बाबा निवांत होतील.

ख़ैरा : होतील. मग अंगणात कोण येईल?

फ़तही : कुणी येऊ नये म्हणून तर—

ख़ैरा : तुला येऊ नये असं वाटतं. तुझी बायको माहेरी आहे, ती परत येईल. माझं माणूस परत यायचा तेवढा एकच रस्ता उरलाय.

ग़ौती : तू त्याला नाराज ठेवणार?

ख़ैरा : हो. तुम्ही त्यांना ओळखलं नाही. धंदा बरा झाला, पोट भरलं, मन खूश असलं, की हे बाहेर. कॉफीच्या दुकानात, गल्लीच्या तोंडाशी, कुठंही. घरात सापडायचे नाहीत. आणि काही खटकलं, कुणी टाकून बोललं, माल ओला निघाला, की येऊन अंगणात बसायचे. निवडत. आतून मी बोलवायची, हे उत्तर द्यायचे नाहीत, पण असायचे. माझ्या वाट्याला ते तेवढेच आले, दादा. रागावलेले.

ग़ौती : ही गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस.

ख़ैरा : यंत्राची नव्हती म्हणून.

फ़तही : आणि नूरिया? माझं मूल? ते कुठं जन्मायचं?

ख़ैरा : पहिलं मूल आईच्या घरी जन्मतं, आपल्याकडे रीतच आहे. तोवर तिला तिथं राहू दे, मी तिला दोष देणार नाही. माझे दिवस भरेपर्यंत मागते, फ़तही. जास्त नाही. तेवढे दिवस मी त्यांची बायको आहे; अंगावर हे पांढरं आहे तोवर त्यांना माझ्या दारात यायचा हक्क आहे. त्यानंतर धर्मानं मी कुणीच नाही त्यांची. मग त्या गाडीला हवा तो रंग लाव आणि त्यांना मोकळं कर.

ग़ौती : एक तांत्रिक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. कारखान्यातून आलेली मोटार नंतर कितीही चांगल्या कारागिरानं रंगवली, तरी दारं उघडल्यावर कडेला आतला रंग दिसतो. ती बाहेरून काळी होईल. आतून पांढरीच राहील.

ख़ैरा : राहू दे. ते बसतील तेव्हा दार मी लावून घेईन.

फ़तही : मामा, तुम्ही काहीतरी बोला. तुम्ही तरी शिकलेले आहात. तिला सांगा की आवाज वगैरे काही नसतं.

ग़ौती : मघाशी मी तुला ते सांगत होतो, तेव्हा तूच मला रिकामं अंगण दाखवलंस.

फ़तही : म्हणजे तुम्हीही तिच्याच बाजूचे.

ग़ौती : मी कुणाच्या बाजूचा नाही. वारस दोन आहेत. एकीचं मत मला समजलं. दुसऱ्याचं त्यानं स्वतः सांगावं. तू नाही म्हणालास तर मी फोनवर काहीच बोलणार नाही, आणि नियमानं ज्याची त्याला जाईल. म्हणजे पांढरीच. पण तुझ्या तोंडून आलेलं बरं.

ख़ैरा : फ़तही. बाळा. रोज पहाटे तूही जागाच असतोस. तुझ्या खोलीचं दार वाजतं ते मला ऐकू येतं. तू अंगणाकडच्या खिडकीपाशी येऊन उभा राहतोस.

फ़तही : भीती वाटते म्हणून.

ख़ैरा : भीती वाटणारं माणूस पांघरूण ओढून घेतं, खिडकीशी येत नाही. काय करतोस तिथं?

फ़तही : ...काही नाही. मोजतो. मोठे किती निघाले ते. लहानपणी मला त्यांच्याजवळ बसवायचे तेव्हा मोजायला सांगायचे.

ख़ैरा : मग?

फ़तही : मग काय. लावा फोन, मामा. शुक्रीचा नंबर वरचाच आहे.

(ग़ौती फोन लावतो.)

ग़ौती : सलाम. मी मनूरच्या पत्नीचा थोरला भाऊ बोलतोय... हो, त्या दिवशी सोबत होतो तोच. अदलाबदल नको... दोघांचंही हेच मत आहे. दूध असतं तशी, साधी पांढरी... त्या गृहस्थांना माझ्यातर्फे क्षमा सांगा... नाही, काही चूक झालेली नाही. तुम्ही लिहिलंत तीच... फ़तही आत्ता निघतोय. काय म्हणालात? थांबा, विचारतो. ख़ैरा, ते म्हणतात, घरात चालवणारा एकटा फ़तही आहे, तर आज त्याच्याजवळ एकच चावी देतो, दुसरी सवडीनं न्या.

ख़ैरा : दुसरी त्यांची आहे, दादा.

ग़ौती : नाही, शुक्री. आजच द्या. मोटार एक, चाव्या दोन.